अण्णा, तुझं राहिलेलं हसणं

अण्णा, तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. तेरावा उरकला, पाहुणे आपापल्या गावी गेले, दारातला मांडव सोडला. आता मी, तुझा धाकटा भाऊ मुकुंद, रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, तुझ्याशी बोलायला कागद घेऊन बसलोय. पुस्तकी मराठीत लिहितोय म्हणून तू नाक मुरडशील. आपली घरची मराठी, पूर्वजांनी तंजावूरकडे येताना आणली आणि पुढे कुणी बदललीच नाही ती, बोलायला बरी. कागदावर ती मला उतरत नाही. आणि तमिळमध्ये लिहिलं तर सगळं कुंभकोणम् वाचेल. मला सांगायचंय ते सगळ्या कुंभकोणमनं वाचावं असं नाही.

पेपरात तुझी बातमी आली होती. दोन बोटं जागा, तीही आतल्या पानावर. फोटो छापला तो न्यायाधीशाच्या झग्यातला. वैनी म्हणाल्या, "हा फोटो कां घातलान् म्हणावं त्यांनीं? एकच दिवस जज्ज झाले होते." पण पेपरवाल्यांचा तरी काय दोष? चाळीस वर्षं तू इतकी तोंडं लावलीस की तुझं खरं तोंड कोणतं, हे त्यांना कुठून कळणार. तू पोस्टमन होतास, पुजारी होतास, ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर होतास. नायकाच्या बापापासून नायिकेच्या वकिलापर्यंत सगळं केलंस, आणि सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तुझं नाव शेवटून तिसरं, बहुतेकदा चुकीचं लिहिलेलं. मला त्याचा राग यायचा. तू म्हणायचास, "नांव चुकलें तर काय झालें? वेष चुकला नाहीं ना."

सेठजीची गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. मद्रासच्या त्या कंपनीत कुणीतरी सांगितलं की ह्या राव साहेबांची घरची भाषा उत्तरेकडची आहे. लगेच तुला मारवाडी सेठचं काम मिळालं, हिंदीत बोलायचं. तुला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. तू काय केलंस, तर आपल्या घरातली मराठी हेल काढून बोललास. "अहो, पिठलें जाळलेंत, आतां सांबार तरी नीट करा," असं काहीतरी तू रागानं ओरडलास, आणि समोर नायकाचं घर जप्त होत होतं. पुढची सात-आठ वर्षं सेठ म्हटला की तू. कुणालाही कळलं नाही. आपल्या घरात मात्र तो सिनेमा लागला की आई पदर तोंडात घालून बसायची.

आणि तुझं ते चोरणं. बाजारातल्या विड्याच्या पानवाल्याचा खोकला तू उचललास, आधी दोन आखूड, मग एक लांब, आणि मग जमिनीकडे बघायचं. तो खोकला तू एका जमीनदाराला दिलास. पानवाल्यानं तो सिनेमा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तुला पानं देताना म्हणाला की माझ्या आजारानं तुम्ही नाव मिळवलंत. तू ओशाळलास. पण दोन वर्षांनी तो त्याच खोकल्यानं गेला तेव्हा तू चार दिवस नीट जेवला नाहीस. मी तुला वेड्यात काढलं. फुप्फुसाच्या रोगाचा आणि सिनेमाचा काय संबंध, म्हणालो. आपली सगळी भांडणं अशीच व्हायची. मी बोलायचो, तू पाणी प्यायला उठायचास.

मरणं तर तुझी खास होती. तू पडद्यावर किती वेळा मेलास हे आपण एकदा ओटीवर बसून मोजायला लागलो. तेवीसपर्यंत पोचलो आणि वाद झाला, विहिरीतलं प्रेत धरायचं की नाही, कारण त्यात नुसता तुझा पाय दिसला होता. तू म्हणालास, धरायचंच, पाण्यात चार तास पाय मीच धरला होता. भाजीवाल्या बायका तुला बघून म्हणायच्या, "सार, नेत्तुदाने सेत्तींग?" कालच ना मेलात तुम्ही, साहेब? तू त्यांना हात जोडून सांगायचास, "हो, पण आज कारली हवी आहेत."

तुझ्या धंद्यातली एक रीत मला ठाऊक आहे, तूच सांगितलीस. ज्यानं मेल्याचं काम केलं, त्यानं शॉट झाला की उठायचं, कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं. तेवढा तुकडा चित्रित करायचा आणि टाकून द्यायचा. तो सिनेमात जात नाही, कुणी बघत नाही, पण घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. मोठमोठे नट ते हसत-खेळत करतात. तू तसं करत नव्हतास. तू गंभीरपणे हसायचास, एखादा कागदावर सही करतो तसा. मी एकदा विचारलं, कशासाठी हे? तेव्हा तू पहिल्यांदा पाणी प्यायला उठला नाहीस. म्हणालास, "मुकुंदा, मी मेल्याचें सोंग बरें करतों. तें तुलाहि ठाऊक आहे. कोणी तरी बघत असतो. तेला खरेंच वाटलें तर? हंसलें कीं तेला कळतें, हें खोटें आहे म्हणून."

"कोणाला?" मी विचारलं.

"तें मला काय ठाऊक," तू म्हणालास.

मी तुझी भरपूर टिंगल केली. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं की पदार्थ नाहीसा होत नाही, रूप बदलतो. माझा सख्खा भाऊ यमाला फसवायला दात दाखवतो हे मला कसं पटावं? पुढे तू कोणत्याही मरणाच्या शॉटवरून आलास की मी विचारायचो, आज सही दिली का रे? तू मान हलवायचास. हे चेष्टेनं चालू होतं, असं मला वाटायचं. तुझ्या बाजूनं ते चेष्टेनं नव्हतं, हे मला आता कळतंय.

शेवटची मालिका चेन्नईची, पण तिची माणसं आठवडाभर इकडे आली होती, तिरुविसनल्लूरला, नदीकाठच्या त्या अग्रहारातल्या, जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या घरात. तू खूश होतास. घरचं जेवून शूटिंगला जायचं, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. मालिकेतला तुझा म्हातारा त्या आठवड्यात मरणार होता. एकदा वैनी तुझ्या डब्यात ठेवायला विसरल्या ते ताक द्यायला मी तिथं गेलो. अंगणात तुझ्यासाठी तिरडी बांधत होते. चेन्नईहून आणलेली सामानातली तिरडी वाटेत मोडली होती, म्हणून कुंभकोणमचाच एक माणूस बोलावला होता, खऱ्या तिरड्या बांधणारा. तो सुंभाची दोरी घेऊन तुझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेत होता, आणि तू भिंतीला पाठ लावून ताठ उभा होतास, उंची मोजायला उभं राहतात तसा. माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास. मला ते आवडलं नाही. का, ते माझं मलाही कळलं नाही, आणि मी ताक ठेवून निघून आलो.

म्हाताऱ्याच्या मरणाच्या दिवशी मीच तुला न्यायला आलो, गाडी घेऊन. दुपारचे चार वाजले होते. तू माजघरात फरशीवर पडला होतास, डोकं दक्षिणेला, कपाळाला विभूती, नाकात कापूस, पायांचे अंगठे बांधलेले, गळ्यात हार. चार बायका रडत होत्या. दिग्दर्शकानं हात वर केला, बायका रडायच्या थांबल्या आणि एकीनं दुसरीला केसांच्या पिना मागितल्या. तू उठलास. कापूस काढलास. आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिलास, तर कॅमेरा तिथं नव्हताच. ऊन जायच्या आत त्यांना घाटावरचा प्रसंग घ्यायचा होता, म्हणून शॉट संपताक्षणी कॅमेरा उचलून बाहेर नेला होता.

दिग्दर्शक ओशाळला. चांगला माणूस आहे तो. तमिळमध्ये म्हणाला, "सार, उद्या सकाळी आल्या आल्या पहिला तोच घेतो." तू म्हणालास, उद्या चालत नाही, आजचं आजच. तो घड्याळाकडे बघायला लागला. मीही घड्याळाकडे बघायला लागलो. पाच वाजता निवृत्त शिक्षकांच्या संघाची बैठक होती, आणि त्या दिवशी मला चिटणीस निवडायचं ठरलं होतं. एवढंच कारण. लिहिताना लाज वाटते. मी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणालो, "द्या, मी घेतो ह्यांचं हसू. हाही कॅमेराच आहे." दिग्दर्शकाला सुटल्यासारखं झालं, तो घाटाकडे पळाला.

तू हार सारखा केलास. माझ्यासमोर उभा राहिलास आणि हसलास. नेहमीचं सहीसारखं हसू नव्हतं ते. त्यात थोडी माझी मनधरणी होती, की बघ, तुझ्या हातून होतंय शेवटी. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता. पडद्यावर संघाच्या लोकांचा निरोप आला होता, कुठे आहात, सगळे जमले. मी तो वाचत होतो. कॅमेरा मी उघडलाच नव्हता. उघडायला दोन सेकंदं लागतात. पण मला वाटलं, एवढं काय, ह्याचं समाधान झालं म्हणजे झालं.

"झालं," मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर तू विचारलंस, "घेतलेंस ना मुकुंदा?"

"घेतलं."

मग तू रुमालानं कपाळाची विभूती पुसायला लागलास. मी चिटणीस झालो.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी सहाला वैनींचा फोन आला. तू ओटीवर खुर्चीत होतास, कॉफीचा पितळी डबरा-पेला हातात, अर्धी कॉफी प्यालेली. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कळलंही नसेल. मी शास्त्राचा माणूस, मला ते पटलं. सत्तरीपुढचं वय, वडिलांनाही हृदयाचाच त्रास, दोनदा सांगूनही तू तपासणी केली नव्हतीस. कारणं सगळी जागच्या जागी होती. तुझे अंगठे मी बांधले. बांधताना हात थबकला, कारण तुझ्या अंगठ्याला आधीच्या दोरीचा वळ होता असं मला वाटलं. अकरा दिवस वळ राहत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग तिरडीवाला आला. तोच माणूस. दोरी त्याच्या खांद्यावर होती, पण त्यानं ती उतरवली नाही. कुणीतरी म्हणालं, आत जाऊन माप घे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अळवु एंगिट्ट इरुक्कु, सामी." माप माझ्याकडे आहे. आणि बांबू कापायला बसला. अण्णा, तुझ्या जाण्यात मला खरी भीती वाटली ती तेवढ्या वेळात. मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो, लोकांना वाटलं रडायला गेलो.

तेराव्याला दिग्दर्शक आला. वैनींपुढे बसून म्हणाला, सरांचा तो भाग पुढच्या शुक्रवारी दाखवणार आहोत, शेवटी त्यांचा फोटो आणि समई ठेवू. मग त्यांचं सांत्वन करायला म्हणून म्हणाला, "त्यांचं ते रीतीचं हसणं घ्यायचं राहिलेलं नाही, अम्मा. तुमच्या दिरांनी मोबाइलवर घेतलंय." वैनींनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत त्यांचं तोंड पहिल्यांदा थोडं उजळलं होतं.

"भावोजी, मज दाखवा ना एकदां."

मी म्हणालो, ते मोबाइलमध्ये नाही, मुलाच्या संगणकावर टाकलंय, शोधून देतो. एक खोटं झाकायला मी दुसरं सांगितलं, आणि तेही तुझ्या तेराव्याच्या दिवशी, तुझ्या बायकोला. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसत्या माझ्या खिशाकडे बघत राहिल्या. माझी मजल कुठवर गेली ते ऐक. तिरुवलंचुळीला श्वेत विनायकाच्या देवळात भाचीचं लग्न झालं होतं, त्याच्या चित्रफितीत तू हसतोस असा एक तुकडा मला सापडला. गळ्यात हारही होता, वरपक्षानं घातलेला. मी तो चार वेळा बघितला. तेवढाच कापून दाखवला तर वैनींना काय कळणार, असा विचार मी केला, मी, ज्यानं मुलांना प्रयोगवहीत आकडे खोटे लिहिले म्हणून उन्हात उभं केलं होतं. मग दिसलं की त्यात तुझ्या मागे स्वतः वैनीच उभ्या आहेत. मी मोबाइल बंद करून ठेवला.

काल दुपारी गेलो. वैनी माजघराच्या उंबऱ्यापाशी बसून चिंच सोलत होत्या. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बैठक, घड्याळ, संघाचा निरोप. कॅमेरा उघडला नव्हता, हे. गाडीत तुला खोटं बोललो, हे. त्या चिंचोके एका बाजूला करत राहिल्या.

"म्हणजे तें नाहींच," त्या म्हणाल्या.

"नाही, वैनी."

मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून हो." आणि मग जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. "त्या दिवसापासून तुमचे अण्णा रोज स्नान झालें कीं आरशापुढें जाऊन उभे राहायचे. आरशांत बघून हंसायचे. एकदांच. मग वेष्टी नेसायला जायचे. मज वाटलें, नवा वेष आलाय, सराव करतात. मी विचारलें, कोणतें काम आलें हो? तर म्हणाले, नवें नाहीं, जुनेंच आहे, थोडें राहिलेंय, तें पुरें करतोंय."

मी विचारलं, रोज?

"रोज. दहा दिवस." त्यांनी हात पुसले. "गेले त्या दिवशीं मात्र स्नान कुठें झालें होतें? कॉफी आधीं मागितलीन्."

अण्णा, तुला माहीत होतं. मी कशाला नवल करतोय? चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या माणसाला समोरचं यंत्र चालू आहे की बंद, हे कळत नाही होय? माझे डोळे वाचत होते, ते तू बघितलंस. आणि तरी तू हसलास, पुरतं हसलास, मी "झालं" म्हणेपर्यंत. गाडीत विचारलंस ते खात्री करायला नव्हतं. मला एक संधी दिलीस. मी "नाही रे, परत घेतो" म्हणालो असतो तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबली असती, दोन मिनिटांचं काम होतं. मी "घेतलं" म्हणालो, आणि तू मला खोटं पाडलं नाहीस. घरी जाऊन आरशापुढे उभा राहिलास.

मी अजूनही मानत नाही. आरशात हसून मरण टळत नाही, न हसून येत नाही. तुझ्या हृदयाच्या नळ्यांना तुझं हसू ठाऊक नव्हतं. पण हा वाद जिंकून आता मी काय करू? तू ते मानत होतास. तू दहा दिवस घाबरलेला होतास, अण्णा, माझ्यापासून चार घरं पलीकडे, आणि ती भीती मी तुझ्या घरात पाठवली होती. रोज संध्याकाळी मी ओटीवर येऊन तुझ्याशी संघाच्या कामाबद्दल बोलत होतो. तू ऐकून घेत होतास, चिटणीस म्हणून माझं कौतुक करत होतास. एकदाही म्हणाला नाहीस की मुकुंदा, मला भीती वाटते. म्हणाला असतास तर मी टिंगल केली असती. तेही तुला माहीत होतं.

लहानपणी माझी भीती तू कधी हसण्यावारी नेली नाहीस. महामखम् तळ्याच्या पायऱ्यांवर मला शेवाळाचं भय वाटायचं, तेव्हा तू माझ्याआधी उतरून पाय घट्ट रोवायचास आणि मग हात द्यायचास. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. माफी मागायची राहिली. दोन्ही आज इथं करतो, पण तू पाणी प्यायला उठून गेल्यासारखा आहेस, आणि मी एकटाच बोलतोय.

निघताना वैनी म्हणाल्या, "शुक्रवारीं या, भावोजी. तो भाग लागेल. मी एकटी बघणार नाहीं." मला वाटलं होतं, मला त्या पुन्हा दारात उभं करणार नाहीत. मी येतो म्हणालो.

परवा शुक्रवार आहे. तू फरशीवर पडलेला असशील, डोकं दक्षिणेला, अंगठे बांधलेले. बायका रडतील, फोटो येईल, समई येईल, आणि पुढे जाहिराती लागतील. तू उठलेला कुणाला दिसणार नाही. तू उठलास, हे टिपून ठेवायचं काम त्या दुपारी माझ्या हातात होतं.